डावीकडेच वळणारी गाडी

ती गाडी फक्त डावीकडे वळते, हे ह्यांनी मला सांगितलं तेव्हा मी भाकऱ्या थापत होते आणि पोरगा माझ्या पायाला मिठी मारून रडत होता. मी म्हटलं, फक्त डावीकडे म्हणजे काय, उजवीकडे जायचं असलं तर? हे असे हसले जसं मी काहीतरी येडपटासारखं विचारलं.

"अगो, शर्यतीची गाडी ती. अमेरिकेतली. मातीच्या गोल रिंगणात पळायची, माझ्या आज्याच्या काळात. रिंगणात सगळी वळणं डावीकडचीच, म्हणून चाकं, स्प्रिंगा, सगळं त्याच अंगाने बसवलेलं."

"म्हणजे हिच्यात बसून घरी येता येत नाही."

"घरी यायला बस आहे की."

बोलणं तिथंच संपलं. पण मला ते लागलंच. माणूस दिवसभर जिच्या अंगावरून हात फिरवतो, ती गाडी त्याला घरी आणू शकत नाही. हेडलाइट नाहीत, दरवाजे नाहीत, बसायला एकच जागा, तीही एका बाजूला सरकवलेली, आणि चालू करायला मागून चारपाच जणांनी ढकलायची. असल्या गाडीवर कोणाचा जीव जडतो? ह्यांचा जडला.

आम्ही राहतो कुवेतला, महबूल्यात, एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं, आमच्या वाट्याला आतली खोली. हे डेंटर. ठोकलेला, चेपलेला पत्रा सरळ करणारे. गावी मालवणच्या बाजूला गॅरेजात शिकले, मग इथं आले, लग्नाआधी बरीच वर्षं आणि लग्नानंतरही काही वर्षं बॅचलर पोरांबरोबर कॅम्पात काढली. मी गावी, हे इकडे. पोरगा झाला तो ह्यांनी मोबाइलवर बघितला. मग ह्यांच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर ह्यांचा व्हिसा त्या कुवैती म्हाताऱ्याने, कुठेतरी वास्ता लावला, ओळख लावली, आणि माझा नि पोराचा व्हिसा झाला. घरात बायको-पोर असलं की माणूस कामात मन लावतो, असं तो म्हणाला म्हणे. तेव्हा मला एवढं बरं वाटलं, मी देवाला नारळ दिला. आता वाटतं, मला आणलंच ते गाडीसाठी.

म्हातारा तरुणपणी अमेरिकेत शिकायला होता. तिथल्या कुठल्याशा छोट्या गावात जत्रा भरायची आणि जत्रेत ह्या गाड्या पळायच्या, चिखल उडवत, आणि तो कुंपणावर बसून बघायचा, तोंडात माती जायची तरी उठायचा नाही. आता पिकला, तेव्हा त्याने त्या गाड्या शोधून शोधून जहाजाने मागवल्या. सुलैबियात टायरच्या दुकानांच्या मागे त्याची मोठी शेड आहे. शेडमध्ये एसी. आमच्या खोलीतला एसी ठिबकतो, त्याच्याखाली मी टोप ठेवते, आणि गाड्यांना मात्र एसी, कारण जुना रंग उन्हाने तडकतो.

त्याला जुनी आठवण होती, हे मी समजू शकते. पण ह्यांना कसली? ह्यांच्या आज्याने तेव्हा सायकलसुद्धा बघितली नव्हती. तरी हे सांगत बसायचे जसे काही हेच त्या कुंपणावर होते. "काय माणसं होती गो ती! नुसत्या बनियनवर बसायची, डोक्याला कातड्याची टोपी. आणि गाडी बांधायची घरच्या घरी, मागल्या परसात. मशीन नाही, साचा नाही. हातोडी आणि पत्र्याखाली वाळूची पिशवी. माझ्यासारखीच." हे 'माझ्यासारखीच' म्हणायचे तेव्हा चेहरा असा व्हायचा की मला काही बोलवायचं नाही. कारण तेच होतं. आयुष्यभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्या सरळ केल्या, कोणी कधी विचारलं नाही की कोणी केलं. इथं म्हातारा ह्यांनी घडवलेल्या नाकावर, गाडीच्या पुढच्या लांब नाकावर, हात फिरवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "सदीक, बिलकुल वैसा ही." सदीक म्हणजे मित्र. मित्र म्हटलं की हे विरघळले.

शुक्रवारी म्हाताऱ्याचे दोस्त यायचे, सगळे पांढऱ्या पायघोळ दिशदाश्यात, कॉफी आणि खजूर घेऊन. गाडी ढकलून चालू करायची आणि सगळ्यांनी गप्प बसून आवाज ऐकायचा, भजनाला बसल्यासारखं. हेही तिथंच. शुक्रवारी सगळ्यांचे नवरे घरी असतात, पोरांना समुद्रावर नेतात. माझा पोरगा बापाला मोबाइलवर बघून मोठा झाला आणि इथं येऊनही शुक्रवारी मोबाइलवरच बघायचा, हे व्हिडिओ पाठवायचे, गाडी कशी बोंबलते त्याचा.

आमच्या खालच्या मजल्यावर नाशिकचे एक इंजिनियर राहतात, त्यांना मी भाऊजी म्हणते. अहमदीत बसगाड्यांचं मोठं वर्कशॉप आहे, तिथं ते साहेब आहेत. ह्यांचा हात चांगला आहे हे त्यांना माहीत होतं. एकदा जिन्यात त्यांनी ह्यांना थांबवलं.

"माझ्याकडे या. बसचे पत्रे आहेत, ठोकत बसा. दुपारी तीनला सुट्टी, शुक्रवार आपला. फॅमिलीचा व्हिसाही कंपनी बघेल."

"बघतो साहेब."

"बघता काय? वहिनींना विचारा. काय हो वहिनी?"

मी मान खाली घालून हो हो म्हटलं. वर आल्यावर हे म्हणाले, "बसचा पत्रा काय पत्रा असतो? बिस्किटाचा डबा नुसता." आणि विषय बंद. मी मात्र त्या दिवसापासून एकच धोसरा लावला. भाऊजींकडे जा, भाऊजींकडे जा. जेवताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. ह्यांना वाटायचं मला शुक्रवार हवा म्हणून. शुक्रवार हवाच होता. पण खरं म्हणजे मला भीती होती, आणि भीती ह्यांनीच घातली होती.

त्या गाडीत पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल लागतं. दिसतं पाण्यासारखं, आणि पेटलं तर दिसतच नाही. जाळ नाही, धूर नाही, उन्हात तर अजिबात काही कळत नाही. हे मला कौतुकाने सांगायचे, एखाद्या बुवाचा चमत्कार सांगावा तसं. "अमेरिकेत एकदा एक ड्रायव्हर गाडीतून उतरला आणि जमिनीवर लोळायला लागला. लोकांना वाटलं जिंकला म्हणून नाचतोय. आणि तो जळत होता!" मी म्हटलं, अहो, आणि तुम्ही हे हसत सांगता? "म्हणून तर आम्ही पाण्याचं पिंप भरून ठेवतो. नियम आहे. मीच भरतो रोज." त्यांना वाटलं मला धीर आला. मला आला नाही. पोराला झोपवताना मला दिसायचं, हे उभे आहेत आणि जळत आहेत आणि काहीच दिसत नाहीये. दिसणाऱ्या आगीपासून माणूस पळेल तरी.

मग दसरा आला. शेडमध्ये सगळी आपलीच पोरं, कोकणातली, एक पेंटर तर ह्यांच्या बाजूच्याच गावचा, त्यालाही मी भाऊजीच म्हणते. दसऱ्याला हत्यारं पुजायची, गाडी पुजायची, हे गावी चुकत नाही तर इथं कसं चुकेल? मला वाटलं म्हातारा मुसलमान, नको म्हणेल. पण तो खूश. आजच गाडी चालू करू म्हणाला, तुमचा नारळ फुटला की. फक्त एक अट घातली. जुन्या रंगाला काही लागता कामा नये. म्हणून ह्यांनी गाडीच्या नाकावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि चिकटपट्टीवर हळद-कुंकू लावलं. देवाला फसवल्यासारखं. झेंडूची माळ प्लास्टिकची, तिचीसुद्धा दोरी नाकाला घासेल म्हणून खाली फडकं.

आणि ओवाळायला सवाशीण पाहिजे. म्हणजे मी.

मी नको म्हटलं. अगदी सकाळी, साडी नेसताना म्हटलं, "अहो, मिथेनॉल आहे तिथं, निरांजन कशाला? नुसता नारळ फोडा."

"टाकी मागे आहे. तू पुढून ओवाळ, लांबून. वात ती केवढीशी, गो."

"मला भीती वाटते."

"तुला वाऱ्याची पण भीती वाटते. एक दिवस तरी माझ्या कामावर ये आणि चांगलं तोंड कर."

गेले मी. पोराला कडेवर घेऊन गेले.

ह्या माणसाला त्या मिथेनॉलचं सगळं माहीत होतं. शेडमध्ये कोणी सिगरेट काढली तर हे शिव्या द्यायचे. वेल्डिंगचं मशीन ह्यांनी भिंतीपलीकडे ठेवलं होतं. पण निरांजन ह्यांना आग वाटलंच नाही. कोणालाच वाटलं नाही. मलाही पुढे जाऊन ओवाळायला लागल्यावर भीती विसरायला झाली, हे खरं आहे, कारण ज्योतीला आपण आग कधी म्हणतो? चूल म्हणजे आग. आरती म्हणजे देव. लहानपणापासून तिच्यावर हात धरतो आणि तोंडावरून फिरवतो, कधी कोणी म्हटलंय सांभाळ, भाजेल?

शेडच्या बाहेर अंगणात, कडकडीत उन्हात पूजा होती. हे मागे टाकीत ते ओतत होते, मोठं नरसाळं लावून, आणि घाईत होते कारण म्हातारा आणि त्याचे दोस्त येऊन उभे राहिले होते. बाहीची टोकं भिजली, हातही भिजले. मी पुढे ओवाळलं. लांबून. काही झालं नाही. पेंटर भाऊजींनी नारळ फोडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी ताट घेऊन फिरले, एकेकाने आरती घेतली. आणि हे पळत आले, हात पॅन्टला पुसत, हसत. दोन्ही हात निरांजनावर धरले, डोळ्यांना लावले.

आणि तसेच उभे राहिले. अगदी क्षणभर. मग ह्यांचे हात थरथरायला लागले, मग खांदे, मग मान इकडून तिकडे झटकायला लागले आणि तोंडातून हूं हूं असा आवाज. उड्या मारायला लागले. ज्योत निरांजनात होती तेवढीच. ह्यांच्या अंगावर काही नाही. ऊन नुसतं.

पेंटर भाऊजी ओरडले, "अरे, अंगात इला रे ह्येच्या! अवसर इलो! पाया पडा, पाया पडा!"

आणि सगळ्यांनी हात जोडले. खोटं सांगत नाही. सगळी जाणती माणसं, आठ तास मशीनवर काम करणारी, हात जोडून उभी. गावी देवळात असंच तर होतं, दसऱ्यालाच तर होतं, ढोल वाजतो आणि माणूस घुमायला लागतो. पेंटर भाऊजी गुडघ्यावर बसून विचारत होते, "कोण तू, सांग म्हाराजा! काय चुकला आमचा?" आणि हे किंचाळत होते, "पाणी! पाणी!" तर पेंटर भाऊजींनी तांब्या उचलला आणि भक्तिभावाने ह्यांच्या पायांवर ओतला. पायांवर! अवसराच्या पायांवर ओततात तसं. म्हाताऱ्याचे दोस्त मोबाइल काढून शूटिंग करत होते, त्यांना वाटलं हिंदी लोकांचा नाच आहे.

मला बाही दिसली. निळी बाही काळी होत होती, आपोआप, कोणी शाई ओतावी तशी. आणि मनगटावरचे केस वळत होते. आणि मग वास आला, तो वास मी लिहिणार नाही.

मी ताट टाकलं, पोराला जमिनीवर ठेवलं, ठेवलं काय, टाकलंच, आणि ओरडले, आग, आग आहे! कोणी हललं नाही. कुठं आहे आग? मी ह्यांना धक्का मारत, ढकलत त्या पिंपाकडे नेलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत दाबले आणि तोंडही दाबलं. मग कुठं पेंटर भाऊजी उठले.

म्हातारा ओरडला तो ह्यांच्यासाठी नाही. "सय्यारा! सय्यारा!" गाडी, गाडी. चारजण धावले आणि गाडी लांब ढकलून नेली. मला मागाहून सगळे सांगतात, बरोबरच होतं, टाकी भरलेली होती, पेटली असती तर सगळेच गेलो असतो. असेल. मला अक्कल कमी आहे. पण मी तिथं ह्यांचे हात पाण्यात धरून बसले होते आणि चार माणसं गाडीला हात लावायला धावली, हे मी बघितलं.

नंतर म्हाताऱ्याने स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेलं, रस्ताभर रडला, हेही सांगायला पाहिजे. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या.

भुवया गेल्या त्या परत आल्या. तोंडावर थोडे डाग राहिले. हातांना मांडीची कातडी काढून लावली. मी चमच्याने भरवायचे, तोंड पुसायचे, सगळंच करायचे, पोराचं आणि ह्यांचं एकदम. गावाहून सासूबाईंचा फोन आला, "तूच ओवाळलंस नि तुझ्याच हातून झालं." मी ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं आता हे म्हणतील, नाही आई, मीच सांगितलं होतं तिला. फोन स्पीकरवर होता. हे छताकडे बघत होते. मग म्हणाले, "निरांजन होतं तिच्या हातात, पण तिला काय कळतंय."

मला काय कळतंय. मी एकटीच नको म्हटलं होतं.

म्हातारा भेटायला यायचा, फळं आणायचा, पोराला खेळण्यातली गाडी आणली, लाल, तसलीच लांब नाकाची. एका शुक्रवारी ह्यांना घेऊन गेला, आम्हालाही नेलं. सगळे दोस्त बसले होते. ह्यांना पहिल्यांदाच खुर्ची दिली, मधोमध. म्हाताऱ्याने गोष्ट सांगितली, अरबीत, हातवारे करून, ह्यांनी मला मागाहून अर्थ सांगितला. हिंदीने गाडीची पूजा केली, आणि आग लागली ती दिसेना, आणि बाकीचे पाया पडत होते! सगळे हसले, मग हळहळले, मग त्यातला एक दोस्त म्हणाला की अमेरिकेतसुद्धा असंच व्हायचं, आणि त्याचे डोळे भरून आले, ह्यांच्यासाठी नाही, त्या जुन्या दिवसांसाठी. ह्यांना हात दाखवायला सांगितले. ह्यांनी दाखवले. आणि मी बघत होते, ह्यांची मान ताठ होती. त्या अमेरिकेतल्या ड्रायव्हरांसारखे आपणही झालो, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

घरी आल्यावर पोरगा खोलीत मध्येच उभा राहिला आणि हात झटकायला लागला, मान हलवत, उड्या मारत, हूं हूं करत. आणि हसत. "पप्पा डान्स," म्हणाला. मी त्याला एक धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसले. ह्यांनी मला म्हटलं, "त्याला काय माहीत?"

पण एक बरं होईल असं मला वाटत होतं. आता तरी हे तिथून सुटतील. आता तरी खालच्या भाऊजींकडे जातील. मी ह्यांना न सांगता खाली गेले आणि भाऊजींच्या बायकोला सगळं सांगितलं, हातापाया पडले. भाऊजींनी मनावर घेतलं. एका संध्याकाळी चहाला म्हणून वर आले, आणि ह्यांना सरळ विचारलं, येता का आता? आणि हे हो म्हणाले. माझा कानावर विश्वास बसेना. हळू आवाजात, खाली बघत म्हणाले, "येतो साहेब. हिचा जीव घाबरतो."

मी चहा ओतत होते. एवढी वाट बघितली होती त्या शब्दाची.

भाऊजी म्हणाले, "हात बघू." बघितले. "दुखतं?"

"नाही आता."

"मूठ मिटा बघू."

ह्यांनी मिटायला घेतली. कातडी ताणली, पांढरी झाली, बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. परत केली. दुसऱ्या हाताने केली. भाऊजींनी स्वतःच्या खिशातलं पेन पुढे केलं, म्हणाले, हे घट्ट धरा. धरलं, पण भाऊजींनी ओढलं तर सहज निघून आलं. पोराच्या हातातूनसुद्धा एवढं सहज निघत नाही.

भाऊजी वाईट बोलले नाहीत. चहा संपवला. म्हणाले, "व्यायाम करत राहा. बसचा पत्रा जाड असतो, दिवसभर हातोडी लागते. बघू पुढे." जाताना माझ्याकडे बघितलं नाही. चपला घालून जिन्याने उतरले तो आवाज मी ऐकत राहिले.

ह्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. मग म्हणाले, "त्याने मला टाकलं नाही बघ. म्हाताऱ्याने. हात चालत नाही तर नुसता उभा राहा म्हणाला, पोरांना दाखव कुठं ठोकायचं. पाहुणे आले की त्यांना गाडी दाखव. दुसरं कोण ठेवेल मला?"

खरं होतं. ह्या अख्ख्या देशात ह्यांना आता एकच जागा उरली होती. आमचा व्हिसा, आमची खोली, पोराचं दूध, सगळं त्या गाडीच्या पोटात. आधी जाऊ नका म्हणायची सोय तरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आरशासमोर उभे राहिले आणि ड्रेसची बटणं लावायला लागले, म्हाताऱ्याने नवीन दिलेला निळा ड्रेस. बोटं बटणावरून घसरत होती. खाली म्हाताऱ्याची गाडी येऊन थांबली होती न्यायला, ड्रायव्हर हॉर्न देत होता. पोरगा दूध मागत होता. मी पोराला बाजूला केलं, पुढे झाले आणि गळ्यापासून खालपर्यंत एकेक बटण लावलं, बाहीचीसुद्धा. म्हटलं, "चला, उशीर होतोय तुम्हाला."